लाइन, कुलर, इन्व्हर्टर आणि वायफाय: गावातल्या घरातून सतत येणारे प्रश्न

हे प्रश्न नात्यातल्या, गावातल्या आणि ओळखीच्या लोकांनी फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि लग्नाच्या पंगतीतही विचारलेले आहेत. मी इलेक्ट्रिशियन नाही. हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात माझं सासर, काम घरूनच लॅपटॉपवर. लाइन गेली की माझी मजुरी बुडते, त्या धाकानं हे सगळं शिकले. एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती उत्तरांत फिरून फिरून येणार आहे: आपण पैसा घालतो भिंतीवर टांगायच्या वस्तूंवर, आणि बिघाड असतो भिंतीच्या आत. जिथं "वायरमनकडून" लिहिलं आहे तिथं स्वतः पेचकस घेऊन बसू नका.

१. ताई, सगळे म्हणतात आमच्याकडे लाइन कमी आहे. किती असली म्हणजे बरोबर समजायची?

सिंगल फेज घरात २३० व्होल्ट यायला हवेत. दहा टक्के खाली-वर झालं तरी वस्तू सहन करतात, म्हणजे साधारण २०७ ते २५३. बल्बच्या उजेडावरून अंदाज बांधू नका. एलईडी बल्ब १५० व्होल्टलाही तसाच लख्ख दिसतो आणि फसवतो. प्लगात खोचायचा, आकडे दाखवणारा छोटा व्होल्टमीटर मिळतो, तो आणा. आठवडाभर सकाळी, दिवेलागणीला आणि झोपताना दिसेल तो आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहा. हरभऱ्याला पाणी सुरू असलं की आमच्याकडे संध्याकाळी १६५ असतात, मोटारी बंद झाल्या की पहाटे २५०. एकाच दिवसात! हे आकडे हाती असले की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात. वीज कार्यालयातही "लाइन लय कमी राहते" या वाक्यापेक्षा तारीखवार आकड्यांना वजन पडतं.

२. मोबाइल, लॅपटॉप, टीव्हीला स्टॅबिलायझर लागते काय?

बहुतेक वेळा नाही. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत इनपुट १००-२४० व्होल्ट असं छापलेलं असतं. म्हणजे १६५ वरही तो सुखानं चालतो. आजकालचे बहुतेक एलईडी टीव्हीही तसेच, फक्त मागच्या पट्टीवरचा आकडा एकदा वाचून घ्या. या वस्तूंना खरी भीती अचानक चढणाऱ्या व्होल्टेजची, त्यासाठी प्रश्न १२, १३ आणि १७ पाहा.

बाजाराच्या दिवशी पालावर मिळणारा स्वस्त चार्जर मात्र यात धरू नका. किंमत उतरवण्यासाठी आतल्या कुठल्या तरी भागाला कात्री लागलेलीच असते. चांगल्या चार्जरवर बीआयएसचा शिक्का आणि "आर" या अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. "बीआयएस केअर" ॲपमध्ये तो टाकून खरा-खोटा पाहता येतो.

३. मग फ्रिजला?

फ्रिजचं गणित वेगळं. त्याच्या कॉम्प्रेसरमध्ये मोटार आहे. व्होल्टेज पडलं की साध्या मोटारीला सुरू होताना जोर कमी पडतो, ती जागच्या जागी घुरघुरते, जास्त करंट ओढते आणि तापते. असं रोज होत राहिलं की एक दिवस वाइंडिंग जातं. लाइन वारंवार १८० च्या खाली येत असेल तर साध्या कॉम्प्रेसरच्या फ्रिजला स्टॅबिलायझर लावाच. घेताना दोन गोष्टी पाहा. तो किती व्होल्टपासून काम करतो (१३० पासूनचा घ्या, १७० पासूनचा आपल्याकडे कुचकामी), आणि लाइन परत आल्यावर तीनेक मिनिटं थांबून फ्रिज सुरू करतो काय. हे थांबणं फार मोलाचं. लाइन गेली-आली, गेली-आली असा खेळ चालतो तेव्हा तेवढ्यानंच कॉम्प्रेसर वाचतो.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या नव्या फ्रिजवर "स्टॅबिलायझरची गरज नाही" लिहिलेलं असतं. ते खरं, पण पत्रकात दिलेल्या व्होल्टेजच्या हद्दीतच. तुमचा कॅलेंडरवरचा सगळ्यात खालचा आकडा त्या हद्दीत बसतो काय ते बघा.

४. अर्थिंग म्हणजे नेमकं काय, आणि आपल्या घरी आहे की नाही हे कसं कळते?

तीन पिनांच्या प्लगातली वरची जाड पिन अर्थिंगची. वस्तूच्या लोखंडी अंगात चुकून करंट उतरला तर त्याला माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जायला वाट मिळावी, एवढंच तिचं काम. वस्तू अर्थिंगशिवायही चालते, म्हणून वर्षानुवर्षं कोणाच्या ध्यानात येत नाही. आमच्या जुन्या घरात सगळे सॉकेट तीन भोकांचे होते. मी लॅपटॉप जोडला की त्याच्या कडेला बोट लावताच मुंग्या यायच्या. शेवटी वायरमननं बोर्ड उघडला तर वरच्या भोकामागे वायरच नव्हती. नुसतं भोक. ज्यानं घर बांधताना वायरिंग केलं त्यानं तांब्याचे पैसे वाचवले होते.

तपासणी वायरमनकडून करून घ्या. फेज म्हणजे करंट आणणारी वायर, न्यूट्रल म्हणजे तो परत नेणारी. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये त्यानं शंभर वॅटचा साधा बल्ब लावला तर तो फेज-न्यूट्रलइतकाच उजळ लागायला हवा. मंद लागला म्हणजे अर्थिंग नावालाच आहे.

आपल्या काळ्या मातीची एक खोड आहे. पावसाळ्यात ती चिकटून बसते, तेव्हा अर्थिंग उत्तम. एप्रिल-मेमध्ये तिला हातभर भेगा पडतात, जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या पाइपापासून माती सुटते, आणि नेमकं कुलरच्या दिवसांत अर्थिंग निकामी होतं. म्हणून खड्ड्यात कोळसा-मीठ घालतात, आणि उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवसांनी तिथं बादलीभर पाणी ओततात. आमच्या घरी हे काम सासूबाईंनी तुळशीच्या पाण्यासोबत लावून घेतलं आहे.

दोन जुगाड कोणी सुचवले तर हाकलून द्या. एक, नळाला वायर बांधणं: हल्ली जमिनीतला नळ प्लास्टिकचा असतो, वायर कुठंच पोचत नाही. दुसरा फारच वाईट, बोर्डातच न्यूट्रलची वायर अर्थच्या पिनेला जोडणं. त्याचं काय होतं ते प्रश्न १७ मध्ये.

५. कुलरला हात लावला की झटका बसतो. पंप बदलला तरी बसतो. काहून?

आधी कुलर बंद करा आणि प्लग काढा. मग पुढचं वाचा. विदर्भात असा उन्हाळा जात नाही ज्यात कुलरच्या करंटनं कोणी गेल्याची बातमी येत नाही, आणि त्यात लेकरं बरीच असतात.

टिनाचं अंग, टाकीत पाणी, पाण्यात बुडालेला पंप, खाली ओली फरशी आणि अनवाणी पाय: करंट लागायला जे-जे हवं ते सगळं एका जागी. पंपाची वायर आठ महिने माळ्यावर पडून कडक होते, उंदीर कुरतडतात, क्षार चढतात. पंप नवा घेतला तरी तो जोडताना चिकटपट्टी गुंडाळून दिलेला सांधा पाण्याच्या शिंतोड्यात राहतो, आणि करंट तिथून उतरतो. कधी पंखा फिरवणाऱ्या मोटारीचं वाइंडिंगच अंगाला टेकलेलं असतं, मग पंप कितीही बदला.

आमच्या भाच्याला झटका बसला तेव्हा त्यानं कुलरला हातही लावला नव्हता. कुलर बाहेरून लोखंडी घोडीवर खिडकीला टेकून होता, खिडकीचे गज लोखंडी, आणि गजाला बांधलेली कपडे वाळवायची तार थेट अंगणापर्यंत गेलेली. पोरगा अंगणात ओला टॉवेल टाकायला गेला आणि फेकला गेला. सुदैवानं तळहातावरच्या काळ्या डागावर निभावलं. त्या दिवसापासून कुलर आणि गज यांच्यामध्ये लाकडी पट्टी आहे, आणि तार नायलॉनच्या दोरीनं बांधलेली आहे.

काय करायचं: प्लग तीन पिनांचाच, आणि अर्थिंग जिवंत (प्रश्न ४). बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच (प्रश्न ६). पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. गावच्या बोर्डांत कित्येकदा बटण फेजवर नसून न्यूट्रलवर असतं, आणि बंद कुलरच्या आतही करंट उभा असतो. सांधा पाण्याच्या वर, कोरड्या जागी आणायचा. फायबरच्या अंगाचा कुलर बरा, पण पंप खराब झाला तर टाकीतल्या पाण्यात करंट उतरतोच, म्हणून "फायबर आहे" म्हणत त्यात हात घालू नका.

कोणी चिकटलं तर त्याला हात लावू नका. आधी मेन पाडा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं सोडवा, आणि १०८ ला फोन करा.

६. आरसीसीबी लावला, पण तो सारखा पडते. काढून टाकू काय?

नाही. फेजनं जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलनं परत आला काय, एवढंच तो मोजत बसतो. फरक दिसला की क्षणात लाइन तोडतो. तो पडतो म्हणजे कुठंतरी करंट गळतो आहे. एक-एक वस्तू काढून पाहा. बहुधा कुलरचा पंप, गिझर किंवा ओल आलेला बाहेरचा बोर्ड निघतो.

सगळं काढूनही पडत असेल तर इन्व्हर्टरकडे बघा. इन्व्हर्टर बसवताना कित्येकदा त्याचा न्यूट्रल दुसऱ्याच सर्किटच्या न्यूट्रलला जोडून टाकतात. गळती काहीच नसते, हिशेब मात्र जुळत नाही. न्यूट्रल वेगळे करणं वायरमनचं तासाभराचं काम आहे. आरसीसीबीवर तपासणीचं छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. पडला तर तो ठीक आहे. एक मात्र ध्यानात असू द्या: एका हातानं फेज आणि दुसऱ्यानं न्यूट्रल धरला तर त्याला ते कळत नाही, तो तुम्हाला बल्बच समजतो.

७. इन्व्हर्टरवर किती वेळ काय-काय चालेल?

दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी १२ व्होल्टची असते. १२ गुणिले १५०, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. इन्व्हर्टरमधली गळती आणि बॅटरी तळापर्यंत न रिकामी करण्याचं पथ्य धरलं तर हाती ११०० च्या आसपास. आता वस्तूंचे वॅट मिळवा. जुने ७५ वॅटचे तीन पंखे, ९ वॅटचे तीन बल्ब आणि १० वॅटचा राउटर मिळून २६२, म्हणजे जेमतेम चार तास. तेच पंखे ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे) लावले तर बेरीज १२७ वर येते आणि साडेआठ तास निघतात. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलावे असं माझं मत आहे. आम्ही तसंच केलं, बिलही उतरलं.

कुलर १५० ते २०० वॅट खातो. रात्रीपुरता एक चालेल, पण इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, नाहीतर मोटार घूं घूं करते आणि तापते. इंडक्शन शेगडी, इस्त्री, गिझर यांचं नाव काढू नका.

८. बॅटरीत कोणतं पाणी टाकू? आरओचं चालते काय?

फक्त डिस्टिल्ड. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात, एसीतून गळणाऱ्या पाण्यात धूळ-कचरा असतो, आणि पावसाचं पाणी टिनावरून येतं. हिरव्या खुणेच्या वर भरू नका, चार्ज होताना ॲसिड उतू जातं. टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुगा साचला तर इन्व्हर्टर बंद करून गरम पाण्यानं धुवा, कोरडं करा आणि व्हॅसलीन लावा.

बॅटरी कुठं ठेवता यानं मात्र पाण्याइतकाच फरक पडतो. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर मोजलेलं असतं. त्यावर दर आठ-दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा मे महिन्यात ४५ ओलांडतात. टिनाच्या पडवीत, पश्चिमेच्या भिंतीला लागून बॅटरी ठेवली तर ती लवकर जाणारच. माजघरात, खालच्या बाजूला, हवा खेळती असेल तिथं ठेवा. बाद झालेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, नवी घेताना दुकानदार ती परत घेऊन किंमत कमी करतो.

९. कापूस घरात भरला आहे. त्याच खोलीत इन्व्हर्टर आहे. चालते काय?

चालत नाही. हा प्रश्न दर दिवाळीनंतर येतो. भाव चढेल म्हणून कापूस ठेवावाच लागतो, आणि घरात कोरडी मोठी खोली एकच असते, हे मलाही माहीत आहे. तरी नाही.

बॅटरी पूर्ण चार्ज होत आली की हायड्रोजन सोडते. तो हलका, छताशी जाऊन बसतो. टर्मिनल ढिलं असेल तर ठिणगी पडते. आणि कापूस ठिणगी दाखवत नाही, लपवतो: गंजीच्या आत तासन् तास धुमसतो आणि कोणी उपसायला गेलं की हवा लागून भडकतो. इन्व्हर्टर त्या चार महिन्यांपुरता दुसऱ्या खोलीत हलवा.

उंच गंजीत बोर्ड, होल्डर, एक्स्टेन्शन दबलेले असतात, त्या खोलीची एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) कापूस असेतोवर पाडूनच ठेवा. रात्री बघायचं तर टॉर्च. आणि पोरं कापसावर लोळत, तिथंच चार्जरला लावलेला मोबाइल बघत झोपतात. गादीपेक्षा मऊ लागतो, मीही लहानपणी झोपले आहे. पण तेव्हा चार्जर नव्हते.

१०. लाइन गेली की वायफाय जाते. फक्त राउटरसाठी इन्व्हर्टर घ्यावा लागते काय?

नाही. राउटरचा मिनी यूपीएस मिळतो, तळहाताएवढा डबा, आत लिथियम बॅटरी. दोन-चार तास निघतात. घेण्याआधी अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचा, बहुधा १२ व्होल्ट असतात पण काही ९ चेही असतात. नऊच्या राउटरला बाराची पिन बसते, राउटर मात्र जातो. फायबर असेल तर डब्यावर लाल दिवा लागला की राउटर बंद-चालू करत बसू नका. केबल तुटली आहे, रस्त्यावर कुठंतरी जेसीबी चालला असेल. लाइन फार वेळ गेली तर मोबाइल टॉवरची बॅटरीही संपते, हेही गृहीत धरा.

११. समोरच्या खोलीत वायफाय पळते, मागच्या खोलीत आणि गोठ्यात येत नाही.

जुन्या घराची दीड-दोन हात जाडीची मातीची भिंत सिग्नल पिऊन टाकते, टिन आणि गोदरेजचं कपाट तो परतवून लावतात. राउटर उंचावर, घराच्या मध्यावर ठेवा. फोनमध्ये दोन नावं दिसत असतील तर लांबच्या खोलीत २.४ चं नाव निवडा, ५ चं वेगवान खरं पण भिंतीपलीकडे दमतं. तेवढ्यानं न भागलं तर लॅन केबल ओढून मागे दुसरा राउटर लावा, केबल १०० मीटरपर्यंत चालते. गोठ्यातल्या कॅमेऱ्यासाठी तांब्याची केबल उघड्या अंगणातून नेऊ नका. कारण पुढच्याच उत्तरात आहे.

१२. वीज कडाडते तेव्हा बटण बंद केलं तर पुरते काय?

पुरत नाही. ढगातून लाखो व्होल्ट उडी मारून येतात, त्यांना बटणातली चिमूटभर फट काय अडवणार? प्लगच काढायचा, आणि डिशची केबलही सेट-टॉप बॉक्सच्या मागून सोडायची. आमचा एक टीव्ही प्लग काढलेला असतानाही गेला, डिशच्या केबलनं. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण काही केबलींना आधाराला पोलादी तार असते, म्हणून ती टोकाशी राउटरला टेकू देऊ नका आणि राउटरचा अडॅप्टर काढा.

हे सगळं पहिला गडगडाट ऐकू येताच. डोक्यावर कडाडत असताना ओल्या हातानं प्लग उपटायला जाऊ नका, टीव्ही गेला तर जाऊ द्या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं "दामिनी" ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं. वावरात जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असावं. चार्जरला न लावलेला मोबाइल घरात बोलायला चालतो, त्यानं वीज ओढली जात नाही.

१३. स्पाइक गार्ड लावला आहे, आता भीती नाही ना?

त्यावर किती जूल, म्हणजे तो किती धक्का पचवतो, ते लिहिलं आहे काय? नसेल तर तो लाल दिव्याचा एक्स्टेन्शन बोर्डच समजा. खऱ्या गार्डात जास्तीचं व्होल्टेज गिळणारा भाग असतो, तो दर धक्क्याला थोडा झिजतो आणि एक दिवस गुपचूप संपतो. अर्थिंग नसेल तर त्याचं बरंचसं काम तसंही होत नाही. कमी व्होल्टेजवर त्याचा काडीचा उपयोग नाही.

१४. उन्हाळ्यात फोन चार्ज होत नाही, तापला म्हणून सांगते. फ्रिजमध्ये ठेवू काय?

नको. आत पाण्याचे थेंब धरतील. बहुतेक कंपन्या फोनसाठी ३५ अंशांपर्यंतची हवा ठीक मानतात, आपल्याकडे तर तेवढी रात्री दहालाही असते. फोन स्वतःला वाचवायला चार्जिंग थांबवतो, तो बिघाड नाही. कव्हर काढून पंख्याखाली ठेवा, पहाटे चार्ज करा. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, बंडीच्या साटीवर उन्हात ठेवू नका. मागचं झाकण फुगलं असेल तर बॅटरी फुगली आहे: दाबू नका, चार्ज करू नका, बदलून घ्या.

१५. फवारणीच्या ड्रममध्ये फोन पडला. तांदळात ठेवला आहे.

तांदूळ काढा. त्यानं ओल ओढली जात नाही, कणी मात्र चार्जिंगच्या भोकात जाते. फोन बंद करा, हातमोजे घालून साध्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसा, भोक खाली करून झटका, एक-दोन दिवस पंख्याच्या हवेत ठेवा. तोंडानं फुंकू नका, ते औषध आहे. "वॉटरप्रूफ" ही चाचणी साध्या पाण्यातली असते, कीटकनाशक किंवा विद्राव्य खताच्या पाण्यातली नव्हे. खताच्या पाण्यात पडला असेल तर सुरू झाला तरी दुरुस्तीवाल्याकडून आतून साफ करून घ्या; क्षार पंधरा दिवसांनी आपला प्रताप दाखवतात.

१६. उंदीर, मुंग्या, पाली, वानरं. यांच्यावर काही इलाज?

मुंग्यांना उबदार जागा लागते, सेट-टॉप बॉक्स त्यांना महालच. आमचा उघडला तर अंड्यांसकट वसाहत निघाली, ब्रशनं झाडली आणि बॉक्स चालू झाला. पाल इन्व्हर्टरच्या जाळीतून शिरते, स्वतः जाते आणि आतलं सर्किटचं कार्डही नेते. बारीक जाळी लावा, हवेची भोकं बुजवू नका. उंदरांसाठी वायर पाइपातून न्या. वानरांवर इलाज नाही. डिश छतावरून काढून भिंतीला, त्यांना धरून लटकता येणार नाही अशी लावली, तेवढंच.

१७. एका रात्री अचानक बल्ब लख्ख झाले आणि आळीतल्या सगळ्यांचे टीव्ही-फ्रिज गेले. वीज तर कडाडली नव्हती. हे काय होतं?

डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, येणारा न्यूट्रल तुटला होता, किंवा त्याचा सांधा जळाला होता. तीन फेज तीन गल्ल्यांत वाटलेले असतात आणि न्यूट्रल सगळ्यांना सारखा. तो तुटला की २३० चा हिशेब मोडतो, दोन फेजांमधले चारशे व्होल्ट घरं आपसात वाटून घेतात. ज्यांच्याकडे वस्तू जास्त सुरू त्यांच्याकडे बल्ब मिणमिणतात, ज्यांच्याकडे कमी त्यांच्याकडे साडेतीनशेपर्यंत चढतात. आमच्या आळीत हे झालं तेव्हा पंखा वेड्यासारखा फिरायला लागला. सासऱ्यांनी अंधारात धावत जाऊन मेन पाडला म्हणून आमचा एकच अडॅप्टर गेला, शेजारच्यांचा मात्र फ्रिज गेला.

म्हणून बल्ब कधी लख्ख कधी मंद व्हायला लागले की विचार न करता मेन पाडा आणि वीज तक्रारीच्या १९१२ नंबरला कळवा. इथं स्टॅबिलायझर अपुरा पडतो, तो स्वतःच जळतो. मेन बोर्डात व्होल्टेज ठराविक हद्दीबाहेर गेलं की लाइन तोडणारा आणि नीट झाल्यावर जोडणारा प्रोटेक्टर लावून घ्या. हजार-दोन हजारांच्या या वस्तूपुढे बाकी सगळं दुय्यम, असं मी ठामपणे सांगते.

प्रश्न ४ मधला दुसरा जुगाड इथं जीव घेतो: ज्यानं न्यूट्रल अर्थच्या पिनेला जोडला आहे, त्याच्या घरी न्यूट्रल तुटताच फ्रिज, कुलर, वॉशिंग मशिन सगळ्यांच्या अंगात करंट उतरतो.

१८. आम्ही वावरातल्या घरात राहतो. वरचं सगळं आम्हालाही लागू आहे काय?

अर्थिंग आणि विजेचं सगळं लागू, उलट जास्तच. लाइन मात्र वेगळी. गावठाणाचा फिडर आणि शेतीचा फिडर निराळे असतात. शेतीला पाळीपाळीनं काही तासच मिळते, दिवसा नाहीतर रात्री. त्यावर इन्व्हर्टरची बॅटरी पुरती भरत नाही आणि अर्धवट भरून-भरून लवकर मरते. अशा घरी छोटं सोलर पॅनल, बॅटरी आणि १२ व्होल्टचे डीसी बल्ब-पंखा हे सगळ्यात कमी कटकटीचं.

१९. छतावर सोलर बसवलं, तरी लाइन गेली की घरात अंधार. फसवलं काय आम्हाला?

फसवलं नाही, सांगितलं नाही. अनुदानावर बहुतेक घरांत बसतं ते ऑनग्रिड, म्हणजे थेट बाहेरच्या लाइनला जोडलेलं. लाइन गेली की ते मुद्दाम बंद पडतं, नाहीतर तुमच्या छतावरचा करंट खांबावर चढलेल्या लाइनमनला लागेल. लाइन गेल्यावरही हवं असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, त्याचा खर्च वेगळा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घराला १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ ला ६०,००० आणि ३ किंवा जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे.

आणि मे महिन्यात ऊन एवढं असून वीज कमी काहून, हेही विचारतात. पॅनलला ऊन हवं, ताप नको. २५ अंशांच्या वर दर अंशाला त्याचं उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटतं, आणि आपल्याकडे दुपारी पॅनल हात लावू देत नाही. त्यावर धूळ. पहाटे धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको.

२०. वॉरंटीत आहे, पण कंपनीचा माणूस म्हणते व्होल्टेजनं गेलं, भरून मिळणार नाही.

माझ्या एका वस्तूचं हेच झालं. कारण लेखी मागा, तोंडी घेऊ नका. लेखी मागितल्यावर माझ्याकडे आलेल्या माणसाला वस्तूच्या आतलं कार्ड पुन्हा तपासावंसं वाटलं. पक्कं बिल, बसवतानाचा फोटो, व्होल्टमीटरचे आकडे आणि स्टॅबिलायझरचं बिल सोबत द्या. तरी नाही म्हणाले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिल थर्मल कागदावर असेल तर आणल्या दिवशीच त्याचा फोटो काढा, उन्हाळ्यात ते कोरं होतं.

२१. मी पुण्याला, आई गावी एकटी. सगळ्या वस्तू घेऊन दिल्या, पण काही झालं की तिला फोनवर काय सांगू?

"एमसीबी पाड" म्हटलं तर ती घाबरेल. पुढच्या वेळी गावी याल तेव्हा मेनवर लाल, इन्व्हर्टरवर पिवळी आणि कुलरच्या प्लगवर निळी चिकटपट्टी लावा. मग फोनवर "लाल खाली कर" एवढंच सांगायचं. माझ्या आईकडे तसं केलं आहे. आठवड्यातून एकदा गप्पा मारता मारता तिच्याकडून लाल खाली-वर करून घेते, सवय राहावी म्हणून. आता गडगडलं की तीच मला फोन करते, निळी काढली, पिवळी राहू दिली, आणि वायफायवाल्या डब्यावर कोणता रंग लावायचा ते सांग.